निळी विजार आणि वऱ्हाडचा कापूस



यवतमाळच्या बाजारपेठेंतून सायंकाळीं चालत गेलें म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानांत एक गोष्ट सहज नजरेस येते. तरुणांसाठीं मांडलेल्या कपड्यांत जुन्या अमेरिकेचा पोशाख पुन्हां अवतरला आहे. तांब्याच्या रिबिटांची गडद निळी विजार, खाकी पाटलोण, चौकड्यांचा सैल सदरा, रेल्वेच्या कामगारानें घालावा तसा आंखूड व खिशांचा डगला, आणि क्वचित् गळ्याभोंवतीं ठिपक्यांचा रुमाल. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील खाणींत, कुरणांत आणि गिरण्यांत राबणाऱ्या माणसांसाठीं जे कपडे शिवले जात, तेच आज थोडें नवें वळण देऊन हौसेचे कपडे म्हणून विकले जात आहेत. कोठें कापडांत ताण घेणारा धागा मिसळला आहे, कोठें बेतांत फरक केला आहे. पण धाटणी मात्र जुनीच ठेवली आहे.

हा पोशाख परका आहे असें घरांतील वडील मंडळी म्हणतात. आणि तो परका आहे म्हणूनच तरुणांना हवासा वाटतो. दोन्ही पक्षांची समजूत अर्धवट आहे. ह्या पोशाखाचा ताणा-बाणा उलगडून पाहिला तर त्यांत आपल्या देशाचे शब्द सांपडतात, आपल्या देशाचा रंग सांपडतो आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचा कापूसहि सांपडतो. मात्र इतक्यावर समाधान मानून चालणार नाहीं. ह्या दीर्घ व्यवहारांत कोणाच्या पदरांत काय पडलें, हा खरा प्रश्न आहे. आणि त्या दृष्टीनेंच हा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करूं. कामकऱ्यांच्या जाड निळ्या विजारीला इंग्रजींत ‘डंगरी’ म्हणतात. हा शब्द सतराव्या शतकापासून इंग्रजींत वावरत आहे आणि कोशकार त्याचें मूळ मुंबईच्या डोंगरी ह्या वस्तीशीं जोडतात. डोंगरी म्हणजे मुंबईच्या जुन्या किल्ल्याजवळील वस्ती. तेथें विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला व्यापाऱ्यांनीं गांवाचें नांव दिलें, आणि शिडें व खलाश्यांचे कपडे ह्यांच्या रूपानें तें जगभर हिंडलें. आमचा साधा ‘डोंगर’ हा शब्द असा अमेरिकेच्या बंदरांत उतरला.

‘खाकी’ ह्या शब्दाची कथा तशीच आहे. फारसींत ‘खाक’ म्हणजे धूळ. सन १८४६ मध्यें हॅरी लम्सडेन ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें पेशावर येथें ‘गाइड्स’ नांवाचें पथक उभारलें आणि पुढें त्या शिपायांना मातींत मिसळून जाणारे धुळकट रंगाचे कपडे दिले. हा रंग ब्रिटिश सैन्याकडून अमेरिकन सैन्याकडे गेला. दुसरें महायुद्ध संपल्यावर सरकारी मदतीनें विद्यालयांत दाखल झालेले हजारों माजी सैनिक त्याच खाकी पाटलोणी घालून वर्गांत बसले, आणि शिपायाची वर्दी विद्यार्थ्याचा पोशाख झाली. गळ्यांतील ‘बंदाना’ म्हणजे आपली बांधणी. उन्हाळी सदऱ्याचा ‘मद्रास’ चौकडा कोठला हें सांगावयासच नको. आणि ‘सीअरसकर’ ह्या चुणीदार पट्ट्यांच्या कापडाचें नांव ‘शीर-ओ-शक्कर’, म्हणजे दूध आणि साखर, ह्या फारसी शब्दांचा हिंदुस्थानच्या वाटेनें गेलेला अपभ्रंश आहे. एक पट्टा दुधासारखा मऊ, दुसरा साखरेसारखा खरबरीत, अशी ती गमतीदार कल्पना.

आतां मुख्य वस्तूकडे, म्हणजे निळ्या विजारीकडे वळूं. तिच्या कापडाला ‘डेनिम’ म्हणतात. फ्रान्समधील नीम ह्या शहरावरून हें नांव पडलें असें सामान्यतः सांगतात. तर ‘जीन’ हा शब्द इटलीच्या जिनोआ बंदराशीं संबद्ध आहे. नांवें युरोपांतील खरीं, पण कापडाचा जीव त्याच्या रंगांत आहे, आणि तो रंग म्हणजे नीळ. ह्या कापडाचा ताणा निळा व बाणा पांढरा असतो. वीण तिरपी असल्यानें वरच्या अंगाला निळा धागा अधिक दिसतो आणि आंतल्या अंगाला पांढरा. निळीचा स्वभावहि विलक्षण आहे. ती पाण्यांत विरघळत नाहीं. रांजणांत तिचें रूप पालटून सूत बुडवावें लागतें. सूत बाहेर निघतें तेव्हां तें पिवळट हिरवें असतें, आणि वारा लागला कीं पाहतां पाहतां निळें होतें. पुन्हां बुडवावें, पुन्हां वाळवावें, असें अनेकदां केल्यावर रंग गडद होतो; तथापि तो सुताच्या गाभ्यापर्यंत पोंचत नाहीं. म्हणून घांसलें कीं वरची निळाई झडते आणि आंतील पांढरें सूत डोकावूं लागतें. गुडघा, मांडी, खिशाची कड, जेथें जेथें अंग झिजतें तेथें तेथें विजार फिकट होते. माणसाच्या श्रमांची नोंद कापडावर आपोआप होत जाते. आज हजारों रुपये देऊन लोक जें फिकटलेपण विकत घेतात तें मुळांत हें आहे.

महाराष्ट्रांत हें निळीचें काम करणारी निराळी नांवाची जातच होती. रांजणाची चव, वास आणि फेस पाहून नीळ तयार झाली कीं नाहीं हें ती मंडळी सांगत. पण निळीचा इतिहास सुखाचा नाहीं. बंगालमधील रयतेनें सन १८५९-६० मध्यें मळेवाल्यांच्या सक्तीविरुद्ध उठाव केला, आणि चंपारण्यांत सन १९१७ मध्यें गांधीजींना जावें लागलें तें ह्याच निळीच्या पायीं. दरम्यान जर्मनींत बायर ह्या रसायनशास्त्रज्ञानें प्रयोगशाळेंत नीळ सिद्ध केली होती, आणि १८९७ सालीं कारखान्यांत तयार झालेली नीळ बाजारांत आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत हिंदी नीळ जागतिक व्यापारांतून जवळ जवळ उठली. आजच्या निळ्या विजारीला बहुतेक ठिकाणीं हीच कारखान्याची नीळ लागते.

विजार तिच्या आजच्या रूपांत आली ती मात्र अमेरिकेंत. बव्हेरियांत जन्मलेला लेव्ही स्ट्रॉस हा व्यापारी १८५३ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोला आला व कापडाची घाऊक पेढी चालवूं लागला. नेवाडा संस्थानांतील रेनो गांवीं जेकब डेव्हिस नांवाचा शिंपी होता. कष्टकऱ्यांच्या विजारींचे खिसे वजनानें फाटतात, ही तक्रार त्याच्याकडे नित्य येई. घोड्यांच्या झुलींना ठोकण्याचे तांब्याचे रिबिट त्यानें एकदां खिशांच्या कोंपऱ्यांवर ठोकून पाहिले, आणि विजार टिकली. एकट्यानें हक्क नोंदविण्याइतका पैसा त्याच्यापाशीं नव्हता. म्हणून त्यानें आपल्या कापडाच्या व्यापाऱ्याला, म्हणजे स्ट्रॉसला, पत्र लिहिलें. दोघांच्या नांवें ता. २० मे १८७३ रोजीं त्या युक्तीचा सरकारी हक्क नोंदला गेला. निळ्या विजारीचा जन्मदिवस तो हाच मानतात.

श्रोत्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ह्या विजारीवर शोभेसाठीं म्हणून फारच थोडें होतें. रिबिट होते ते खिसा फाटूं नये म्हणून. उजव्या हाताचा लहान खिसा घड्याळासाठीं. कंबरेमागचा पट्टा आवळण्यासाठीं, कारण चामडी पट्ट्याचीं बंदें १९२२ सालापर्यंत नव्हतींच. दुसऱ्या महायुद्धांत धातू व सूत वांचविण्यासाठीं कांहीं रिबिट व मागचा पट्टा काढून टाकावा लागला. आजचे हौशी लोक त्या टंचाईच्या काळांतील विजारीची हुबेहूब नक्कल मोठ्या किमतीला घेतात. निरुपायानें केलेली काटकसर कालांतरानें अलंकार ठरावी, ह्याहून फॅशनचें दुसरें लक्षण कोणतें सांगावें?

परंतु ह्या विजारीचा कापूस कोठून येत होता? ह्या प्रश्नापाशीं अमेरिकेचा इतिहास आणि यवतमाळचा इतिहास एकमेकांना भेटतात.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत कापूस पिके तो गुलामांच्या श्रमांवर. सन १८६० च्या खानेसुमारींत तेथें सुमारें चाळीस लाख गुलाम होते. इंग्लंडांतील लँकेशायरच्या गिरण्या आपल्या गरजेच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस तेथून घेत. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं, आणि लँकेशायरचे माग उपाशी पडले. गिरणीमालकांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली, आणि हिंदुस्थानांत विशेषतः वऱ्हाडाकडे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलेलें होतें. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हां ‘वणी’ जिल्हा म्हणून १८६४ सालीं निर्माण झाला. १९०५ सालीं त्याला यवतमाळ हें नांव मिळालें. युद्धाच्या ऐन काळांत जन्मलेला हा जिल्हा कापसाच्या भाग्याशीं तेव्हांपासून बांधला गेला.

त्यापूर्वीं ह्या भागांतील कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. अमरावतीहून गंगाकांठच्या मिर्झापूरपर्यंत तांडे चालत. वर्धा नदीच्या खोऱ्यांत पिकणारा ‘बनी’ जातीचा कापूस, ज्याला व्यापारी हिंगणघाटी म्हणत, धाग्याच्या बारीकपणाबद्दल नांवाजलेला होता. युद्धाच्या चार वर्षांत कापसाचे भाव असे चढले कीं मुंबईंत शेअरांचा जुगार माजला, आणि १८६५ सालीं अमेरिकेंत शांतता होतांच तितक्याच वेगानें सर्व कोसळलें. मुंबईचे शेटजी बुडाले त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु चढ्या भावाच्या भरंवशावर ज्यानें कर्ज काढलें त्या वऱ्हाडी कुणब्याचें काय झालें, हें कोणी फारसें सांगत नाहीं. त्यानें लढाई पाहिली नव्हती, लिंकन कोण हें त्यास ठाऊक नव्हतें. तरी त्याच्या घरांतील लग्नकार्य आणि सावकाराचें देणें त्या दूरच्या लढाईनें ठरविलें. दूर देशच्या घडामोडींवर आपल्या मालाचा भाव ठरतो, हा अनुभव ह्या जिल्ह्याला त्या वेळीं प्रथम एवढ्या तीव्रतेनें आला. शेवटचा मात्र तो नव्हता.

युद्ध संपलें तरी कापसाची व्यवस्था राहिली. मध्यप्रांत व वऱ्हाडसाठीं खास ‘कॉटन कमिशनर’ नेमलेला होता. हॅरी रिव्हेट-कार्नाक हा त्या पदावरचा अधिकारी मोठा कर्तबगार व तितकाच स्पष्टवक्ता. आगगाडी आली म्हणजे विलायती कापड येथें स्वस्त पडेल, येथील सूतकताई व विणकाम बसेल, आणि घरांत खपणारा कापूस निर्गतीला मोकळा होईल, असा हिशेब त्यानें सरकारी अहवालांत उघडपणें मांडला. घडलेंहि तसेंच. १८६७ सालीं लोहमार्ग नागपूरला पोंचला. १८७० सालीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्तें खामगांवच्या कापूस-बाजाराचा लोहमार्ग सुरू झाला. पुढें किलिक निक्सन ह्या ब्रिटिश पेढीनें मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची वाट बांधली. लोकांनीं तिला ‘शकुंतला’ हें गोड नांव दिलें. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें एंजिन ह्या वाटेवर १९२३ पासून १९९४ पर्यंत धांवलें. ज्या वाटेवरून मँचेस्टरकडे कापूस जावयाचा, त्या वाटेवर गाडी ओढावयाला एंजिनहि मँचेस्टरचेंच, असा हा योग.

रुळ आले, जिन आले, प्रेस आले. गांवोगांव सरकी निघूं लागली आणि गाठी बांधल्या जाऊं लागल्या. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा ह्या पेठा कापसावर फुलल्या. पण साळी आणि कोष्टी ह्यांच्या मागांचा खडखड मंदावला. जिल्ह्यांतून रुई जाई आणि जिल्ह्यांत कापड येई. मधला सारा व्यवहार, म्हणजे कातणें, रंगविणें, विणणें, शिवणें, दुसरीकडे होई; आणि पैसा नेमका त्या मधल्या व्यवहारांत होता. बाजारानें बारीक धाग्याच्या बनीला तिच्या योग्यतेप्रमाणें अधिक भाव देण्याचेंहि नाकारलें. तेव्हां शेतकऱ्यानें अधिक पिकणारी, जाड धाग्याची ‘जरी’ जात पेरावयास आरंभ केला, आणि नांवाजलेली बनी मागें पडली. ह्यांत शेतकऱ्याची चूक नव्हती. जो माल जसा विकला जातो तसाच तो पिकवावा लागतो.

अमेरिकेनें आपल्याकडून शब्द नेले, तसें बियाणें आपल्याकडे पाठविलें. धारवाडकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच अमेरिकन कापूस रुजला होता. वऱ्हाडांत ‘बुरी’ नांवाची अमेरिकन जात विसाव्या शतकाच्या आरंभीं आली. मर रोगाला ती दाद देत नसे. तरीहि देश स्वतंत्र झाला तेव्हां हिंदुस्थानांतील कापसाच्या क्षेत्रापैकीं बहुतेक सर्व क्षेत्र देशी जातींखालीं होतें. पुढें चित्र पालटलें. १९७० सालीं सुरतच्या संशोधन केंद्रांत डॉ. सी. टी. पटेल ह्यांनीं ‘एच्-४’ हें संकरित वाण सिद्ध केलें. १९७२ सालीं महाराष्ट्र सरकारनें एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. त्या वेळीं मुख्यमंत्रिपदावर पुसद तालुक्यांतील गहुलीचे वसंतराव नाईक होते. २००२ सालीं बोंडअळीस विषारी ठरणाऱ्या बीटी कापसाला सरकारनें परवानगी दिली, आणि थोड्याच वर्षांत यवतमाळचीं शिवारें ह्या बियाण्यानें भरून गेलीं. आज जिल्ह्यांत उभी असलेली पऱ्हाटी बहुतांशीं अमेरिकन जातीच्या वंशाची आहे. म्हणजे निळी विजार अमेरिकन धाटणीची खरी, पण तिच्यासाठीं लागणारें अमेरिकन झाड आतां आमच्या बांधावरच वाढतें.

ह्या झाडाबरोबर त्याचा खर्चहि आला. संकरित वाणाचें बीं शेतकऱ्याला घरचें ठेवतां येत नाहीं. तें दरसाल विकत घ्यावें लागतें. पाऊस वेळेवर आला तर ठीक, नाहीं तर कोरडवाहू शेतींत पेरणी दुसऱ्यांदा करावी लागते. गुलाबी बोंडअळी कालांतरानें बीटीला सरावली. २०१७ सालीं ह्याच जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों लोक इस्पितळांत पडले. त्यापूर्वीं, २००६ सालीं, कर्जबाजारीपणानें होणाऱ्या आत्महत्यांमुळें पंतप्रधानांना विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची मदत जाहीर करावी लागली होती, आणि त्या सहांत यवतमाळ होतें. सुखवस्तु माणसाच्या कपाटांतील कापडामागें इतकें सारें उभें असतें.

तिकडे अमेरिकेंत निळ्या विजारीचें नशीब पालटलें. मार्लन ब्रँडो ह्याचा १९५३ सालचा आणि जेम्स डीन ह्याचा १९५५ सालचा चित्रपट, ह्यांनीं मजुराची विजार बंडखोर तरुणाचें निशाण बनविली. मग ती विद्यार्थ्यांची झाली, मग सर्वांची. आणि ती सर्वांची होतांच जुन्या गिरण्यांचे अरुंद, मंद चालणारे धोट्याचे माग मोडीत निघाले. त्यांच्या जागीं रुंद आणि वेगवान माग आले. तेव्हां ह्या जुन्या वस्तूची खरी कदर केली ती जपानी लोकांनीं. ओकायामा प्रांतांतील कोजिमा हें गांव आणि ओसाका शहर येथील कारागिरांनीं १९७० नंतर जुन्या अमेरिकन विजारी उसवून, त्यांचें सूत मोजून, टांके मोजून, धोट्याच्या मागांवर तसेंच कापड पुन्हां विणलें. त्या कापडाचा कांठ बंद असतो आणि त्यांत बहुधा एक लाल धागा खेळतो. आज विजारीचा पाय दुमडून जो लाल कांठ दाखविण्याची रीत आहे, ती ह्या पुनरुज्जीवनाची खूण होय. उलट अमेरिकेंतील ग्रीन्सबरो येथील ‘व्हाइट ओक’ ही १९०५ सालीं सुरू झालेली नामांकित डेनिम गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली. ज्यांनीं वस्तु निर्माण केली त्यांनीं ती सोडली, आणि ज्यांनीं ती जाणून घेतली त्यांनीं ती जगविली.

आपल्या देशांत डेनिमचें मोठें उत्पादन १९८०-९० ह्या दशकांत अहमदाबादच्या अरविंद गिरणीनें आरंभिलें. त्यानंतर दहाएक वर्षांनीं, १९९६ सालीं, यवतमाळ शहरालगत लोहारा येथील औद्योगिक वसाहतींत रेमंड कंपनीनें डेनिम विणण्याचा कारखाना उभारला; २००६ सालीं बेल्जियममधील ‘यूको’ ह्या कंपनीशीं त्यासाठीं भागीदारी झाली. ठाण्याला १९२५ सालीं लोंकरीच्या गिरणीनें आरंभ केलेल्या पेढीनें कापसाच्या जिल्ह्यांत येऊन सुती कापड विणावें, ही घटना ह्या इतिहासांत महत्त्वाची आहे. रिव्हेट-कार्नाकच्या काळीं रुई जिल्ह्याबाहेर जावी म्हणून सारा खटाटोप होता. येथें रुई जिल्ह्यांतच सूत होते, त्या सुताचे दोर करून ते निळींत बुडवितात, उंच चढवून त्यांना वारा देतात, पुन्हां बुडवितात, आणि मग मागावर तिरपी वीण उतरते. निराळ्याच्या रांजणांत जी क्रिया होई तीच येथें यंत्राच्या मापानें होते. जाड निळें कापड आज खुद्द यवतमाळांत विणलें जातें, ही गोष्ट बाजारपेठेंत विजार घेणाऱ्या कित्येकांना ठाऊकहि नसते.

तथापि वर्तुळ अजून पुरें झालेलें नाहीं. थोडा हिशेब करून पाहूं. एका विजारीचें वजन सहा-सातशें ग्रॅम धरलें, आणि कताई, विणाई व कातरणींतील घट मिळविली, तर तिच्यासाठीं सुमारें अडीच किलो कापूस लागतो. कारण शंभर किलो कापसांतून रुई निघते ती चौतीस किलोंच्या आसपास, उरते ती सरकी. २०२४-२५ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे अडीच किलोंचे एकशें नव्वद रुपयेहि पुरते होत नाहींत. त्यांतूनच बीं, खत, फवारणी, निंदण आणि वेचणीची मजुरी द्यावयाची. तीच विजार नांवाची चिठ्ठी लागून दुकानांत आली कीं दोन-तीन हजारांना जाते. ह्या दोन आंकड्यांमधील अंतर म्हणजे कातणें, रंगविणें, विणणें, शिवणें, धुणें आणि नांव देणें. गिरणीनें ह्या पायऱ्यांपैकीं कांहीं जिल्ह्यांत आणल्या. शिवणें आणि नांव देणें ह्या सर्वांत फायद्याच्या पायऱ्या बहुतांशीं बाहेरच आहेत.

येथें एक शंका निघेल. एवढें भांडवल, एवढी यंत्रें शेतकऱ्यांपाशीं कोठून येणार? शंका रास्त आहे आणि तिला सोपें उत्तर नाहीं. पण ह्या इतिहासांतून दोन गोष्टी तरी स्पष्ट होतात. जेकब डेव्हिस हा गांवांतला शिंपी होता. त्यानें कापूस पिकविला नाहीं कीं गिरणी काढली नाहीं. गिऱ्हाइकाची अडचण ऐकून त्यानें मूठभर तांब्याचे रिबिट ठोकले, आणि विजारीच्या किमतींत त्या युक्तीची किंमत कायमची मिसळली. पुसदच्या, वणीच्या किंवा घाटंजीच्या शिंप्याला अशी युक्ति सुचणार नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं. लोहाऱ्याचें कापड आणि यवतमाळची शिलाई ह्यांची गांठ पडावी, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरी गोष्ट कापसाच्या जातीची. डेनिमचें सूत जाड असतें. साधारण सात ते बारा नंबरांचें. बारीक धोतराचें सूत साठ-ऐंशी नंबरांचें लागतें, तितका लांब धागा ह्या कामाला लागत नाहीं. आधुनिक रोटर-कताईला तर आंखूड धागाहि चालतो. आपल्या देशी जाती आंखूड धाग्याच्या. पण त्या कोरडवाहू जमिनींत तग धरतात, रसशोषक किडींना सहसा दाद देत नाहींत, आणि त्यांचें बीं घरीं ठेवतां येतें. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानें ‘एकेए-७’ व ‘एकेए-८४०१’ अशीं देशी सुधारित वाणें दिलेलीं आहेत. त्यांचें उत्पन्न आणि बाजारभाव ह्यांचा प्रश्न सुटल्यावांचून शेतकरी तीं पेरणार नाहीं, आणि त्यानें पेरूं नयेत हेंच शहाणपण. बनीचा धडा तो विसरलेला नाहीं. परंतु जाड कापडाची गिरणी जेथें दाराशीं आहे, तेथें हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न तरी झाला पाहिजे. जुन्या वस्तूला नवें वळण देणें हीच जर आजच्या पोशाखाची रीत असेल, तर ती कपाटापुरती कां राहावी? ती शेतापर्यंतहि पोंचावी.

सारांश, निळी विजार परकी म्हणून नाकारण्यांत अर्थ नाहीं, आणि परकी म्हणून मिरविण्यांतहि नाहीं. तिचें नांव मुंबईच्या डोंगरीचें, तिची नीळ एके काळीं येथल्या रयतेच्या घामाची, तिचा कापूस आज यवतमाळच्या रानांतला. परकें आहे तें एवढेंच कीं ह्या साऱ्याचा मोबदला कोणास मिळावा हें अद्याप दुसरेच ठरवितात. ज्या जिल्ह्यानें दीडशें वर्षें जगाला वस्त्र पुरविण्यासाठीं बोंडें वेंचलीं, त्यानें आतां शिवण्याची सुई आणि नांवाचा शिक्का हातीं घेतला पाहिजे. तसें झालें तर गुडघ्यावर फिकटलेली निळाई ही केवळ दुकानांतील नक्कल राहणार नाहीं. ती ज्यांच्या श्रमांची खूण आहे, त्यांच्याहि पदरांत तिचें मोल पडेल.